उन्हाळ्यात गाडीच्या इंजिनासाठी योग्य तेलाची निवड

शनिशिंगणापूर हे तेलाचे गाव म्हणून सर्वांना परिचित आहे. शनिवारी आणि शनी अमावस्येला येथील उघड्या चौथऱ्यावरील शिळेवर भाविक तेल वाहतात. त्या दिवशी घोडेगावकडून आणि सोनईकडून येणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. या परिसरातील अनेक तरुण शेतकरी शेतीला जोडधंदा म्हणून जीप किंवा मोटारगाडी चालवितात आणि शिर्डी ते शिंगणापूर हा सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास भाविकांना घडवितात. मुळा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांकडे ट्रॅक्टर असतो, आणि आता दारात एखादी मोटारगाडीही असते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत गाडी गरम होणे, तेल कमी होणे, तेलदाबाचा दिवा लागणे या तक्रारी वाढतात. त्यावर गावोगावी एकच उपाय सांगितला जातो. तो म्हणजे ‘ऊन फार आहे, जाड तेल टाका.’ हा सल्ला काही गाड्यांच्या बाबतीत बरोबर ठरतो, तर काही गाड्यांच्या बाबतीत त्यामुळे नुकसान होते. बहुतेक गाड्या कर्ज काढून घेतलेल्या असतात. इंजिन उघडण्याची वेळ आली तर दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय ऐन हंगामात गाडी उभी राहते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून तेलाची निवड कशी करावी याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

तेल इंजिनात कोणती कामे करते?

बैलगाडीच्या आखाला वंगण लावले नाही तर चाक कुरकुरते, आख तापतो आणि झिजतो, हा आपला जुना अनुभव आहे. इंजिनातील तेलाचे मूळ काम हेच आहे. परंतु इंजिनात तेलाला आणखीही कामे करावी लागतात, ती पुढीलप्रमाणे.

१) वंगण : फिरणाऱ्या व घासणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर राहतो आणि धातूला धातू लागत नाही.
२) थंडावा : पिस्टन, क्रँकशाफ्टचे बेअरिंग, टर्बो या भागांपर्यंत रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही किंवा पुरेसे पोहोचत नाही. तेथील उष्णता तेलच वाहून नेते.
३) सफाई : जळणापासून तयार होणारी काजळी तेल स्वतःमध्ये तरंगत ठेवते आणि ती भागांवर बसू देत नाही.
४) सील : पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांमधील फट तेलाच्या थरामुळे बंद राहते. त्यामुळे दाब टिकतो व शक्ती मिळते.
५) संरक्षण : जळणातून तयार होणारी आम्ले निष्प्रभ करून गंज रोखला जातो.

खाद्यतेल किंवा कोणतेही साधे तेल ही कामे करू शकत नाही. देवघरातील समई बरेच दिवस घासली नाही तर तिच्यावर तेलाचा चिकट थर बसतो, हे सर्वांनी पाहिले आहे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तेलाचा असा चिक्का तयार होतो. समईत ज्याला काही महिने लागतात ते इंजिनाच्या उष्णतेत फार लवकर घडते. एकेकाळी एरंडेल तेल इंजिनात वापरले जात होते. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची इंजिने त्यावर चालत असत. पण एरंडेलाचाही चिकट थर साचत असल्याने ते मागे पडले. आजच्या इंजिन तेलात मूळ तेलाबरोबर सफाई करणारी, झीज रोखणारी, फेस रोखणारी व प्राणवायूचा परिणाम लांबविणारी रसायने मिसळलेली असतात. तेल ‘उतरते’ याचा अर्थ मुख्यतः ही रसायने खर्च होतात.

हवेची उष्णता आणि इंजिनाची उष्णता

बाहेर ४२ अंश तापमान असले म्हणजे इंजिनातील तेलही त्या प्रमाणात फार तापते, असे समजणे बरोबर नाही. इंजिनात जळण पेटते तेव्हा क्षणभर २००० अंशांपेक्षा जास्त तापमान निर्माण होते. त्यापुढे जानेवारीतील आणि मे महिन्यातील हवेचा फरक लहान आहे. शिवाय रेडिएटरच्या पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट नावाची झडप सर्वसाधारणपणे ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान राखते. त्यामुळे नेहमीच्या चालीत तेलाचे तापमान बहुधा ९० ते ११० अंश असते, मग ऋतू कोणताही असो.

मग उन्हाळ्याचा त्रास होतो तो कसा? गरम हवेमुळे रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते. त्यातच इंजिनावर ताण असेल आणि समोरून वारा मिळत नसेल तर तेलाचे तापमान १२० अंशांच्या पुढे जाऊ शकते. आपल्या भागात असे प्रसंग तीन प्रकारे येतात.

अ) अमावस्येच्या रांगेत माणसांनी भरलेली गाडी वातानुकूलन यंत्र चालू ठेवून तासन् तास इंच-इंच पुढे सरकते.
ब) उसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर कमी गिअरमध्ये कारखान्याकडे जातो किंवा दुपारच्या उन्हात नांगरणी करतो.
क) रेडिएटरच्या जाळीत पाचटाचे तूस, धूळ व किडे अडकलेले असतात आणि हवा आतून जातच नाही.

तापमान वाढले की दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे तेल पातळ होते व त्याचा थर बारीक होतो. दुसरी म्हणजे तेलाचा प्राणवायूशी संयोग वेगाने होतो. ढोबळमानाने तेलाचे तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजेच तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते. केवळ जाड तेल टाकल्याने ही दुसरी अडचण सुटत नाही. तिच्यासाठी तेलाचा दर्जा चांगला असावा लागतो आणि ते वेळेवर बदलावे लागते. उन्हाळ्यातील तेलाचा विचार करताना दाटपणा आणि दर्जा या दोन बाबी वेगळ्या ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

डब्यावरील आकडे कसे वाचावेत?

तेलाच्या दाटपणाला शास्त्रीय भाषेत विष्यंदिता म्हणतात. डब्यावर एसएई ४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. ते अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेल्या प्रतवारीचे आहेत. १५डब्ल्यू-४० या खुणेतील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड अवस्थेतील वागणूक दाखवितो. तो जितका लहान तितके तेल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा तेल १०० अंशांना किती दाट राहते ते सांगतो. तो जितका मोठा तितका गरम तेलाचा थर जाड. १०० अंश तापमानाला मोजलेला दाटपणा सेंटिस्टोक या एककात पुढीलप्रमाणे असतो.

प्रत २० : ६.९ ते ९.३ पेक्षा कमी
प्रत ३० : ९.३ ते १२.५ पेक्षा कमी
प्रत ४० : १२.५ ते १६.३ पेक्षा कमी
प्रत ५० : १६.३ ते २१.९ पेक्षा कमी

१५ किंवा २० हे हवेच्या तापमानाचे अंश आहेत, असा गैरसमज आढळतो. तसे नाही. २०डब्ल्यू प्रतीच्या तेलाची इंजिन सुरू करतानाची चाचणी शून्याखाली १५ अंशांना घेतली जाते. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही पारा इतका उतरत नाही. त्यामुळे इंजिन सुरूच होणार नाही अशी अडचण कोणत्याही प्रतीत येत नाही. तथापि पहाटे थंड इंजिन चालू केल्यावर तेल वरच्या भागांपर्यंत जाण्यास जे क्षण लागतात त्या वेळी झीज अधिक होते. म्हणून दोन तेलांतील शेवटचा आकडा सारखाच असेल तर पहिला आकडा लहान असलेले तेल अधिक चांगले. २०डब्ल्यू-४० पेक्षा १५डब्ल्यू-४० तेल सकाळी लवकर पोहोचते आणि दुपारी दोन्हींचा थर सारख्याच प्रतीचा असतो.

नुसते एसएई ३० किंवा ४० लिहिलेले तेल सिंगल ग्रेड होय. ते थंडीत फार घट्ट आणि उष्णतेत पातळ होते. दोन आकड्यांचे मल्टिग्रेड तेल तापमान बदलले तरी त्या मानाने कमी बदलते.

अक्षरांचा अर्थ

डब्यावर आकड्यांबरोबर एपीआय असे लिहून पुढे अक्षरे दिलेली असतात. ही अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेची दर्जादर्शक खूण आहे. ‘एस’ने सुरू होणारी खूण पेट्रोल इंजिनासाठी आणि ‘सी’ने सुरू होणारी खूण डिझेल इंजिनासाठी असते. दुसरे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नंतरचा. उदाहरणार्थ, डिझेलसाठी सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२) आणि सीके-४ (२०१६) असे दर्जे आले. पेट्रोलसाठी २०२० मध्ये एसपी आणि २०२५ मध्ये एसक्यू हा दर्जा आला. एकाच डब्यावर सीआय-४ व एसएल अशी दोन्ही अक्षरे असू शकतात. असे तेल त्या त्या दर्जापर्यंतच्या दोन्ही प्रकारच्या इंजिनांना चालते.

खरेदी करताना बरेच जण फक्त ‘४० नंबर’ मागतात. दाटपणा बरोबर पण दर्जा जुना, असे तेल गळ्यात पडते ते यामुळेच. दुकानात आकडा आणि अक्षर दोन्ही सांगावीत.

खनिज की कृत्रिम?

कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले ते खनिज तेल. रासायनिक प्रक्रियेने अधिक एकसारखे बनविलेले ते कृत्रिम, म्हणजेच सिंथेटिक तेल. दोन्हींचे मिश्रण ते सेमी सिंथेटिक. सिंथेटिक तेल उष्णतेत उशिरा बिघडते, कमी उडते आणि थंडीत सहज वाहते. टर्बो असलेल्या गाडीला, तसेच रांगेत व भाराखाली चालणाऱ्या गाडीला त्याचा खरा उपयोग होतो. जुन्या, कमी वेगाच्या इंजिनात चांगल्या दर्जाचे खनिज तेल वेळेवर बदलले तरी पुरेसे होते. महागडे तेल घालून ते दुप्पट काळ चालविण्यापेक्षा योग्य दर्जाचे साधे तेल वेळेत बदलणे केव्हाही हिताचे.

एका वाड्यात दोन गाड्या

समजा, एका शेतकऱ्याच्या वाड्यात वडिलांनी घेतलेली जुनी डिझेल जीप आहे आणि मुलाने अलीकडे घेतलेली पेट्रोलवरील लहान मोटारगाडी आहे. शिवाय ट्रॅक्टर, पाणी उपसण्याचे इंजिन व मोटारसायकलही आहे. मे महिन्यात तो २०डब्ल्यू-५० तेलाचा एक मोठा कॅन आणून सर्वांत तेच टाकतो. खरेदी सोपी होते, पण परिणाम कसे होतात ते पाहू.

जुन्या जीपला हे तेल बहुधा मानवते. तिच्या बेअरिंगमधील फटी मूळच्याच मोठ्या असतात आणि झिजेने त्या वाढलेल्या असतात. ती थोडे तेल खात असेल तर उन्हाळ्यात एक प्रत वर गेल्याने तेलाचा दाब सुधारतो व खप थोडा कमी होतो.

नव्या गाडीचे इंजिन मात्र ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलासाठी घडविलेले असते. त्यातील फटी बारीक असतात. पंप, तेलाच्या वाहिन्या आणि तेलदाबावर चालणारे व्हॉल्व्हचे नियंत्रण त्याच दाटपणाला धरून असते. अशा इंजिनात जाड तेल टाकले तर सकाळी ते वर पोहोचण्यास उशीर लागतो, इंजिन जड चालते, इंधन जास्त लागते आणि अरुंद जागेतून तेल कमी वाहिल्याने थंडावाही कमी मिळतो. ज्या उष्णतेच्या भीतीने जाड तेल टाकले तीच वाढते. शिवाय हमीच्या काळात पुस्तिकेबाहेरचे तेल वापरले तर दुरुस्तीची जबाबदारी मालकावर येण्याचा धोका असतो.

म्हणून पहिला नियम असा की, गाडीबरोबर मिळालेली माहिती पुस्तिका प्रमाण मानावी. बऱ्याच पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार चालणाऱ्या प्रतींचा तक्ता असतो. त्यात एकापेक्षा जास्त प्रती दिल्या असतील तर उन्हाळा व भार यांसाठी त्यांतील वरची प्रत घ्यावी. तक्त्याच्या बाहेर जाऊ नये. पुस्तिका हरवली असल्यास अधिकृत सेवा केंद्रातून गाडीच्या मॉडेल व सालाप्रमाणे माहिती घ्यावी. सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी पुढील बाबी उपयोगी पडतील.

१) जुनी डिझेल जीप व तत्सम गाड्या : १५डब्ल्यू-४०, दर्जा सीएच-४ किंवा सीआय-४. इंजिन झिजलेले व तेल खाणारे असेल तरच उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५०.

२) भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्या : १ एप्रिल २०२० पासून हे निकष लागू झाले. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. तेल थोडे जळतेच आणि त्यातील राख गाळणीत साचते. ही राख पुन्हा जळून जात नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेलच लागते. पुस्तिकेत एसीईए सी३, सीके-४ यांसारखी जी खूण दिली असेल तीच घ्यावी. जुन्या जीपचे उरलेले तेल या गाडीत कधीही टाकू नये. गाळणी चोंदली तर ती बदलण्याचा खर्च फार मोठा असतो.

३) पेट्रोल गाड्या : पुस्तिकेतील प्रत, दर्जा एसएन किंवा त्यापुढचा. टर्बो असेल तर एसपी.

४) सीएनजी किट असलेल्या गाड्या : वायूवर काजळी कमी होते, त्यामुळे तेल स्वच्छ दिसते. पण ज्वलन गरम असल्याने तेलाचा आतून ऱ्हास होत राहतो. तेल स्वच्छ दिसते म्हणून बदलण्याची मुदत वाढवू नये.

५) ट्रॅक्टर : बहुसंख्य ट्रॅक्टरना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० चालते. तेल बदलण्याचा हिशोब तासांवर ठेवावा. हायड्रॉलिक व गिअरच्या तेलाच्या जागी इंजिन तेल वापरू नये.

६) डिझेल पंप : कमी वेगाच्या जुन्या इंजिनांना उत्पादकाने सांगितलेले सिंगल ग्रेड तेल आजही चालते.

७) मोटारसायकल : बहुतेक मोटारसायकलींत इंजिन आणि क्लच एकाच तेलात असतात. मोटारगाडीच्या काही तेलांतील निसरडेपणाच्या रसायनांमुळे क्लच घसरतो. म्हणून डब्यावर जासो एमए ही खूण पाहूनच तेल घ्यावे.

तेल केव्हा बदलावे?

शनिवारी लोखंड व तेल घरात आणू नये असा रिवाज आपल्याकडे आहे. तो ज्याने त्याने पाळावा. इंजिनाचे तेल बदलण्याचा मुहूर्त मात्र वारावर नसून किलोमीटर, तास आणि महिने यांवर अवलंबून असतो. यांपैकी जी मुदत आधी संपेल ती धरावी. गाडी कमी चालली तरी पुस्तिकेत दिलेली महिन्यांची मुदत (बहुधा एक वर्ष) ओलांडू नये.

पुस्तिकेत ‘खडतर वापर’ अशा शीर्षकाखाली वेगळी, कमी मुदत दिलेली असते. धुळीचे रस्ते, जास्त भार, वरचेवर थांबणे आणि इंजिन जागेवर चालू ठेवणे म्हणजे खडतर वापर. आपल्या भागातील बहुतेक गाड्या यातच मोडतात.

जागेवर चालू राहिलेल्या इंजिनाचे किलोमीटर मीटरवर उमटत नाहीत. ढोबळ हिशोबासाठी असा एक तास ४० किलोमीटरसमान धरावा. उदाहरणार्थ, शिर्डी–शिंगणापूर जाऊन-येऊन १४० किलोमीटर होतात. रांगेत व पार्किंगमध्ये इंजिन एकूण तीन तास चालू राहिले तर आणखी १२० किलोमीटर धरावे लागतात. अशा ३६ फेऱ्यांनंतर मीटरवर ५,०४० किलोमीटर दिसतील, पण तेलाच्या दृष्टीने ९,३६० किलोमीटर झालेले असतील. मीटर पाहून ‘अजून निम्मे तेल बाकी आहे’ असे समजणारा चालक प्रत्यक्षात मुदतीच्या शेवटाला आलेला असतो. रांग थांबलेली असताना इंजिन बंद ठेवले तर डिझेल वाचते आणि तेलाचे आयुष्यही वाढते.

तेल बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे तळाची घाण तेलाबरोबर निघून येते. तेलाची गाळणी प्रत्येक वेळी बदलावी. जुन्या गाळणीतील घाण तेल नव्या तेलात मिसळते.

धूळ हा मोठा शत्रू

आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे आणि उन्हाळ्यात रस्त्यावरची बारीक धूळ हवेत तरंगत असते. ही धूळ म्हणजे मुख्यतः वाळूचे कण. हवेच्या गाळणीच्या नळीला बारीक चीर असली तरी धूळ आत शिरते, तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी रिंग व सिलिंडर घासते. कितीही भारी तेल वापरले तरी ही झीज थांबत नाही. नळ्यांच्या पकडी घट्ट आहेत याची खात्री करावी. कागदी गाळणी झटकून साफ करण्यास मर्यादा आहेत. ती पाण्याने धुऊ नये, ठरल्या वेळी बदलावी. जुन्या ट्रॅक्टरवर तेलाचे भांडे असलेला एअर क्लीनर असतो. धुळीच्या दिवसांत त्यातील तेल रोज पाहावे, तळाशी गाळ साचला असल्यास बदलावे आणि खुणेपर्यंतच भरावे.

तेलाची पाहणी

आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या फेरीपूर्वी प्रत्येक वेळी, गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी तेलाची पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. खालच्या खुणेखाली गेल्यास उरलेल्या थोड्या तेलावर सगळी उष्णता पडते. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरल्यास क्रँकशाफ्ट तेल घुसळतो व फेस होतो. फेसाळ तेल वंगण देत नाही.

• डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. काजळी तेलात तरंगत असल्याची ती खूण आहे. केवळ रंगावरून तेल खराब ठरवू नये.
• तेल ताकासारखे पांढुरके दिसल्यास त्यात रेडिएटरचे पाणी शिरले आहे. गाडी चालवू नये.
• तेलाची पातळी आपोआप वाढली व डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन तेलात उतरत आहे. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्या फक्त जवळच्या फेऱ्यांसाठी वापरल्यास असे होऊ शकते.
• तेलदाबाचा तांबडा दिवा लागल्यास ‘गावापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. त्याच ठिकाणी इंजिन बंद करावे. बेअरिंग बसायला काही मिनिटे पुरतात.

वाटेत तेल कमी आढळले आणि त्याच कंपनीचे तेल मिळाले नाही, तर त्याच प्रतीचे व दर्जाचे दुसऱ्या कंपनीचे तेल टाकून पातळी पूर्ण करावी. कमी तेलावर गाडी चालविण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

काही चुकीच्या पद्धती

थर्मोस्टॅट काढून टाकणे : उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढण्याची पद्धत बरीच रूढ आहे. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो, आणि हिवाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही. न जळलेले इंधन व पाण्याची वाफ तेलात साचून काळा चिखल तयार होतो. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरणे : क्षारयुक्त पाण्याने आत पापुद्रे बसतात आणि उष्णता बाहेर जात नाही. त्याचा भार तेलावर येतो. पुस्तिकेप्रमाणे कूलंट वापरावे व बाहेरची जाळी वेळोवेळी आतल्या बाजूने हवा मारून स्वच्छ करावी.

टर्बो गाडी पळवत आणून लगेच बंद करणे : टर्बोच्या अतिगरम बेअरिंगमध्ये थांबलेले तेल जळून कोळशासारखे होते. भार ओढून आल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे.

तेलात बाहेरून ‘पॉवर वाढविणारी’ औषधे मिसळणे : तेलातील रसायनांचे प्रमाण ठरलेले असते. वरून भर घालू नये.

खरेदी, साठवण आणि जुने तेल

नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके तेल भरून विकण्याचे प्रकार घडतात. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच तेल घ्यावे. सील, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. रिकामा झालेला डबा छिद्र पाडूनच भंगारात द्यावा. त्यात पिण्याचे पाणी किंवा खाद्यतेल कधीही भरू नये. उरलेले तेल सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवावे. शिंगणापुरात घराला दार नसले तरी चालते, तेलाच्या कॅनला झाकण मात्र हवेच.

काढलेले जळके तेल हा घातक कचरा आहे. ते ओढ्यात, चारीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. थोडे तेलही खूप पाणी खराब करते. जनावरांच्या जखमेवर किंवा गोचिडांवर असे तेल लावण्याची पद्धत हानिकारक आहे. त्यातील धातूंचे कण व विषारी पदार्थ कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातात. ते जाळूही नये. वेगळ्या डब्यात साठवून सेवा केंद्रामार्फत नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाईल अशी व्यवस्था करावी. तेल बदलताना हातमोजे वापरावेत व नंतर साबणाने हात धुवावेत.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर, उन्हाळा आला म्हणून सरसकट जाड तेल टाकू नये. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतींपैकी उष्णतेस व भारास योग्य ती प्रत निवडावी. आकड्याबरोबर अक्षरेही पाहावीत. जुन्या आणि नव्या गाडीचे कॅन वेगळे ठेवून त्यांवर गाडीचे नाव लिहावे. रांगेतील तासांचा हिशोब धरून तेल व गाळणी वेळेवर बदलावी आणि हवेची गाळणी, रेडिएटर व थर्मोस्टॅट सुस्थितीत ठेवावेत. पिकाच्या खर्चाची नोंद जशी वहीत ठेवतो, तशी तेल बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा व तेलाची प्रत यांची नोंदही प्रत्येक गाडीसाठी ठेवावी. चालक बदलला, फिटर बदलला तरी ही वही बदलत नाही. अशी काळजी घेतल्यास ऐन उन्हाळ्यात, यात्रेच्या गर्दीत किंवा उसाच्या हंगामात गाडी वाटेत उभी राहण्याची वेळ सहसा येणार नाही आणि कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत, तसेच त्यानंतरही, इंजिन साथ देईल.